घडी न घालता कापलेला ब्लाऊज

"ही किती बोटं?"

गोदावरीबाईंनी माझ्या नाकासमोर तीन बोटं धरली होती. माझ्या तोंडात टाचण्या, हातात अस्तर, आणि दुकानाच्या दारात सकाळी अकरालाच सात बायका उभ्या. टाचण्या काढल्याशिवाय बोलता येईना, म्हणून मीही तीन बोटं वर केली. बाईंनी समाधानानं मान हलवली आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "अजून दिसतंय तिला. रांगेत या, दांडगाई करू नका."

तिसरीत मला याच बाईंनी पाढे शिकवले. आता शहात्तरीच्या आहेत, पण चार माणसं दिसली की त्यांना रांगेत उभं केल्याशिवाय त्यांचा हात स्वस्थ बसत नाही.

अहमदपूरच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत माझं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, दोन मशिनी, एक टेबल आणि वर पाटी: लुंबिनी लेडीज टेलर्स. लुंबिनी माझी मुलगी, ती नांदेडला नर्स आहे. मी चांगुणा. तीस वर्षं झाली, फक्त ब्लाऊज शिवते. ड्रेस नाही, परकर नाही, फॉल-पिको तर मुळीच नाही. लग्न होऊन लातूरला गेलेल्या लेकीसुद्धा माप बदललं की माझ्याकडेच येतात. बढाई मारत नाही, पण बाई दारातून आत येईपर्यंत तिची छाती, कंबर आणि बाहीचा मुंढा माझ्या डोळ्यांत मोजून होतो. टेप लावायचा तो तिच्या समाधानासाठी.

तर मे महिन्याच्या सुरुवातीला मी दुकानावर कागद चिकटवला, 'एक जूनपासून ऑपरेशनमुळे दुकान दीड महिना बंद राहील.' कसलं ऑपरेशन ते लिहिलं नाही. ती काय भिंतीवर लिहायची गोष्ट आहे? पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "डोळ्याचं का ओ ताई?" तेव्हाही माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी नुसतं "हं" केलं. टेलरबाई म्हटलं की लोकांना आधी तिचे डोळेच आठवतात. दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावाला माहीत झालं होतं की चांगुणाबाईला मोतीबिंदू झालाय, आणि डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हटलंय.

मग जे सुरू झालं ते मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्याकडे प्रत्येक बाईच्या पेटीत ओटीत आलेले, हळदीकुंकवाला मिळालेले पंधरावीस ब्लाऊजपीस पडलेले असतात. एकीचा पीस दुसरीला, दुसरीचा तिसरीला, असे ते गावभर फिरतात आणि कधीच शिवले जात नाहीत. ते सगळे माझ्या टेबलावर येऊन पडले. "ताई, तुमचे डोळे हायत तवर आठ शिवून टाका. मग कोणाच्या हातचं अंगाला बसणार?" असं तोंडावर म्हणायच्या. शिवाय 'पुढच्या खेपेला देते' म्हणून मागचे पैसे जिच्या-तिच्याकडे थकले होते, तेही आणून द्यायला लागल्या. आंधळ्या होणाऱ्या बाईचं कोण बुडवणार?

गाजरं आली. एकीनं गाईचं तूप आणलं, तळपायाला लावायला. दुपारी मोकळ्या असलेल्या बायका दुकानात येऊन माझ्या सुयांत दोरा ओवून द्यायच्या. लाल, हिरवा, मोरपंखी, एकेका रंगाच्या पाचपाच सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या आणि "घ्या, तेवढाच डोळ्याला आराम" म्हणायच्या. चौकातला पंचाक्षरी टेलर, ज्याच्याशी माझं वीस वर्षं धड बोलणं नाही, तोही येऊन म्हणाला, "बाई, हुक-काज माझ्याकडं पाठवा. पैसे न्हाई घेणार." माझे डोळे खणखणीत, चष्मासुद्धा नाही. त्या दिवशी मात्र ते भरून आले आणि पंचाक्षरीला वाटलं, पाणी गळायला लागलं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "हे लई वाईट करायलाव आपण. लोकाला फसवून पैसा घ्यायलाव."

आमचे हे, ग्यानोबा, मार्केट यार्डात मापाडी आहेत. दिवसभर सोयाबीन आणि तुरीचा काटा बघतात, त्यामुळे बोलणंही तोलून. म्हणाले, "तू कुठं फसवलीस? ब्लाऊज शिवून देतीस का न्हाई?"

"देते."

"मग झालं. माप बरोबर हाय."

खरं ऑपरेशन माझ्या छातीचं होतं. उजव्या.

सात वर्षांपूर्वी मला तिथे गाठ आली. माझा धाकटा भाऊ आनंदराज हैदराबादला इंजिनिअर आहे, त्यानं मला उचलून तिकडे नेलं. गाठीसकट छाती काढली आणि त्याच वेळी आत सिलिकॉनची पिशवी बसवली. कॅन्सरचा खर्च कसाबसा सरकारी योजनेतून निघाला, पिशवीचे पैसे आनंदानं भरले. प्लॉटसाठी साठवलेले. डॉक्टरांना म्हणाला होता म्हणे, "माझ्या अक्काचा धंदाच ब्लाऊजचा हाय. तिला कमी वाटायला नको." मी तेव्हा जगते की जाते याच विचारात होते. दाखवलं तिथे सही केली.

जगले. आनंदा नसता तर जगले नसते, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्याला बोल लावायला नको. पण ती पिशवी माझी कधी झालीच नाही. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग तिच्याभोवती कवच धरलं आणि ती घट्ट होत होत दगड झाली. थंडीत ती बाजू गार पडायची. कुशीवर झोपायची सोय नाही. आणि मोठी कात्री चालवायची ती उजव्याच हातानं. चार पदरी कापड कापलं की काखेपासून बोटांपर्यंत कळ जायची. मी टेबलाला टेकून उभी राहायची आणि गिऱ्हाइकाला "गळा कसा ठेवू?" विचारत राहायची.

गेल्या दिवाळीत लुंबिनीनं ओळखलं. मला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, म्हणाल्या, "कॅन्सर नाही, घाबरू नका. हे काढावं लागेल. काढून नवीन टाकू?"

"नको."

"मग ती बाजू सपाट राहील. ठरवलंय ना नीट?"

"सात वर्षं ठरवायले," मी म्हटलं. त्या हसल्या. मला तर तिथेच अर्धं बरं वाटलं.

खर्च पंच्याऐंशी हजार. चौकशी केली तर हे योजनेत बसत नाही म्हणाले. माझ्याकडे निम्मेही नव्हते. लुंबिनी म्हणाली, "मामाला सांगू." मी म्हटलं, "सांगशील तर बघ." ज्यानं जीव लावून घातलं, ते काढायलाही त्यालाच पैसे मागायचे? कोणत्या तोंडानं? आणि कळलं तर त्याला काय वाटेल? अक्काला माझं दिलेलं सलतंय. मला ते माझ्या कात्रीच्या पैशांनी काढायचं होतं, आणि आनंदाला न दुखवता. एवढंच. पण हे एवढंच कसं जमावं ते मला कळत नव्हतं, तोवर गावानं माझ्या डोळ्यांची काळजी घ्यायला घेतली.

वीस तारखेला पैसे पुरे झाले. मी त्या दिवशी स्वतःसाठी किलोभर जिलेबी आणली आणि दुकानात आलेल्या सगळ्यांना वाटली. "डोळ्याला गोड चालतंय का?" एकीनं विचारलं. "लई चालतंय," मी म्हटलं.

लुंबिनीची यादी रोज फोनवर. रक्त तपासून घे. ईसीजी काढ. डोकं दुखलं तरी मनानं गोळी घेऊ नको. बांगड्या आणि नाकातली मुरणी घरीच काढून ये, आदल्या रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. "आणि मम्मी, समोरून उघडणारे सैल कपडे घे. महिनाभर हात वर करता येणार न्हाई."

"तीस वर्षं समोरून उघडणारंच शिवायले मी," मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं. घरी घालायला काहीतरी मिळेल. दीड महिन्यानं दुकान उघडायचं तेव्हा मी काय घालणार? माझे सगळे ब्लाऊज दोन्हीकडे फुगलेले. उजवीकडे कापूस कोंबायचा तर मग काढायचंच कशाला?

म्हणून मी माझा ब्लाऊज कापायला घेतला.

आता हे नीट सांगावं लागेल. ब्लाऊजचे पुढचे दोन भाग कधी वेगळे कापत नाहीत. कापडाची घडी घालायची, वर खडूनं आखायचं आणि दोन्ही एकदमच कापायचे. डावा तसा उजवा. शिकायला आलेल्या पोरींना पहिल्या दिवशी मी हेच सांगते, घडी घाला. मी घडी घातली आणि हात थांबला. डाव्या भागाला फुगवट्यासाठी तीन टक्स हवे होते, उजव्याला एकही नको. मुंढा वेगळा, उंची वेगळी, खालची पट्टी मात्र एका रेषेत यायला हवी. माझ्या हातांना हे कधी सांगितलंच नव्हतं.

घडी उघडली. आधी वर्तमानपत्रावर आखलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. जे अंग अजून मी पाहिलंच नव्हतं त्याचं माप घ्यायचं होतं. लहान मुलीच्या पोलक्यासारखी ती बाजू आखली आणि थोडी सैल केली. तिसरा कागद बरा वाटला. मग खण काढला, गर्द हिरवा, जांभळ्या काठाचा. आधी डावा भाग कापला, मग उजवा. कळ आली, पण मी त्या दिवशी तिला म्हटलं, बाई, तुझे नऊ दिवस राहिलेत, काय यायचं ते येऊन घे.

दोन्ही भाग जोडून ब्लाऊज टेबलावर पसरला होता, तेवढ्यात गोदावरीबाई आल्या. हातात पिशवी. त्यांच्या स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळचा काळा गॉगल त्यांनी धुऊन, पुसून मला आणला होता. बोलता बोलता त्यांनी ब्लाऊज उचलला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे. आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"चांगुणे," त्या म्हणाल्या, "अगं, एकीकडे टक्स घातलेस आणि दुसरीकडे विसरलीस की गं. इतकं दिसेनासं झालं? आणि मी बोटं काय दाखवत बसले तुला." आणि त्या रडायलाच लागल्या. शाळेत सगळ्या वर्गाला चळचळा कापायला लावणाऱ्या बाई, माझ्या ब्लाऊजात तोंड खुपसून रडत होत्या.

मला हसू आवरेना. हसता हसता दाराला कडी लावली आणि सगळं सांगितलं. पिशवी, दगड, आनंदा, मोतीबिंदू, सगळं. सांगताना कधीतरी माझंही रडू निघालं ते मला कळलं नाही.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे डोळे चांगले आहेत?"

"चांगले हायत, बाई."

"मग माझा गॉगल परत दे."

गॉगल पिशवीत ठेवून त्या उठल्या. दारापाशी वळल्या. "कुणाला एका शब्दानं सांगणार नाही. पण उजव्या बाजूचा मुंढा अर्धा इंच जास्त सोड. सुजेल तिथं." मी सोडला.

एक जूनला सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं नांदेडला गेलो. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत कपडे, रिपोर्टची फाइल आणि तो हिरवा ब्लाऊज. यांनी सगळी वाट माझ्या उजव्या बाजूला बसून कुणाचा धक्का लागू दिला नाही. दवाखान्यात मी पैसे स्वतःच्या हातानं भरले. खिडकीतल्या मुलीनं पावती दिली तेव्हा मी तिला उगाचच म्हटलं, "ब्लाऊजचं माप कुणाकडं देतीस? लई ढगळ झालाय." ती बिचारी हसली.

वॉर्डात गेले तर कॉटवर आनंदा बसलेला.

मी लुंबिनीकडे बघितलं. ती सलाइनच्या स्टँडकडे बघायला लागली.

"जय भीम, दाजी," आनंदा यांना म्हणाला. एवढा मोठा साहेब, पण कानाची पाळी चोळत बसला, लहानपणी चूक झाली की बसायचा तसा. शेवटी म्हणाला, "अक्का, इतकं दुखत होतं तर सांगितलीस कामून न्हाई?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

"मी तुला त्या वेळी विचारलंच न्हाई ना? घालायचं का न्हाई ते."

"न्हाई विचारलंस."

"राग हाय का?"

"येडा हायस का?" मी त्याचा हात धरला. "तू जीव लावून दिलंस रे. पण काही काही कापड कितीबी भारी असलं तरी आपल्या अंगाला येत न्हाई. त्यात देणाऱ्याचा काय दोष?"

त्यानं खिशातून पाकीट काढलं. मी ते परत त्याच्या खिशात घातलं. "भरलेत मी. माझ्या कात्रीचे."

"मग मी काय करू?"

"उद्या मला भूक लागंल. इडली आण. चटणी जास्त."

त्याला हसू आलं आणि माझ्या छातीवरचा दगड, खरं सांगते, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच निम्मा उतरला.

बाकीचा दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उतरवला. शुद्धीवर आल्यावर मी आधी लांब श्वास घेतला. बरगडीपर्यंत गेला. सात वर्षांत तिथवर गेला नव्हता. बाजूला नळी, नळीला बाटली, ओढ लागत होती, दुखत होतं. पण ते दुखणं माझं होतं, आपलं आपण बरं होणारं. मी लुंबिनीला म्हटलं, "इडली आली का?"

नळी आठ दिवसांनी निघाली. पंधरा जुलैला दुकान उघडायचं होतं. त्या सकाळी मी दार लावून आरशासमोर उभी राहिले आणि तो हिरवा ब्लाऊज घातला. हुक खालून वर लावत गेले. एक, दोन, तीन. उजवीकडे कापड छातीवर सपाट बसलं, एक चुणी नाही. खालची पट्टी एका रेषेत. मुंढा बाईंनी सांगितला तेवढाच सैल. न पाहिलेल्या अंगाचं माप मी बोटभरही चुकले नव्हते. मी आरशात स्वतःला बघून हसले आणि बराच वेळ हसतच उभी राहिले.

यांना दार उघडलं. त्यांनी मला काटा बघतात तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पदर नीट केला नाही, तसाच राहू दिला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लई बरोबर हाय."

दुकानात गर्दी. सगळ्यांना माझे डोळे बघायचे होते. "आता कसं दिसतंय, ताई?" "लख्ख," मी सांगत होते, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पंचाक्षरी काज केलेले ब्लाऊज घेऊन आला. त्याची नजर माझ्या ब्लाऊजवर क्षणभर थांबली. टेलरची नजर, तिला काय कळायचं ते कळलं असणार. "फिटिंग चांगलं आलंय, बाई," एवढंच म्हणाला आणि गठ्ठा टेबलावर ठेवून गेला. आता आम्ही बोलतो.

श्रावण लागला तशी गर्दी ओसरली. एका दुपारी एक बाई आली. पस्तिशीची असेल, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, एवढ्या उकाड्यात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. माझ्या डोळ्यांनी तिचं माप घेतलंच होतं.

"उमरीहून आले," ती हळूच म्हणाली. "गोदावरीबाईंची भाची आमच्या शाळेत हाय. तिनं सांगितलं, तुमच्याकडं एक वेगळा ब्लाऊज शिवून भेटतो म्हणून. एकीकडं..." तिनं पदर आणखी ओढला.

एका शब्दानं कुणाला सांगणार नाही म्हणालेल्या बाई. मला राग यायला हवा होता. नाही आला.

मी दाराला कडी लावली. माझा पदर खांद्यावरून खाली घेतला आणि तिच्यासमोर सरळ उभी राहिले, म्हणजे तिला नीट बघता येईल. ती बघत राहिली. मग हळूहळू तिनं स्वतःचा पदर सोडला.

खिळ्यावर माझा तो वर्तमानपत्राचा कागद टांगलेला होता, तिसऱ्यांदा बरोबर आलेला. मी तो काढून टेबलावर पसरला.

"कोणती बाजू, बाई?"

तिनं हात डावीकडे नेला.

मी कागद उलटा केला आणि खडू उचलला.